सॉल्व्हंट म्हणजे फेडू शकणारा: एक इंग्रजी शब्द वापरायचा कसा

भाचीचा न्यूकॅसलहून फोन आला. ती तिथं एका प्रयोगशाळेत काम करते, केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली आहे. म्हणाली, "मावशी, आज माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, 'पे-डे टुमॉरो, आय विल बी सॉल्व्हंट अगेन.' उद्या पगार होणार आणि ही बाई परत द्रावक होणार? मी नुसती हसले आणि मान हलवली. काय म्हणाली गं ती?"

ती बाई म्हणाली होती, उद्या पगार झाला की माझी देणीघेणी भागतील. चार दिवस ओढाताण होती, उद्यापासून नाही. एवढंच.

भाचीला दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण रात्री विचार करत बसले. ज्या मुलीनं सॉल्व्हंट हा शब्द कॉलेजात हजारदा लिहिला, तिला तो पगाराच्या गोष्टीत ओळखता आला नाही. चूक तिची नाही. आपल्याकडे मराठी शाळेत द्राव्य, द्रावक, द्रावण हे तीन शब्द पाठ होतात. पुढं सायन्सला गेलं की द्रावकाचा सॉल्व्हंट होतो आणि तिथंच राहतो. इंग्रज माणूस मात्र घरात बोलताना हा शब्द बऱ्याचदा पैशासाठी वापरतो. मी इचलकरंजीत कचेरीजवळ टेबल टाकून 27 वर्षं अर्ज लिहिते, कागदांची भाषांतरं करते. या एका शब्दानं मलाही एकदा चांगलाच धडा दिलाय, तो पुढं सांगते. आधी शब्द हातात कसा धरायचा ते पाहू.

मुळाशी जायचं तर मराठीतूनच जा

या शब्दाचं मूळ लॅटिन. त्यातलं क्रियापद सोल्व्हेरे. अर्थ: सैल करणं, गाठ सोडवणं, आणि देणं चुकतं करणं. इंग्रजीतले सॉल्व्ह, डिझॉल्व्ह, रिझॉल्व्ह, सोल्युशन हे सगळे त्याच घरातले. डिक्शनरीत हे वाचलं की वाटतं, गाठ सोडवण्याचा आणि पैसे देण्याचा काय संबंध? पण मराठी माणसाला हा प्रश्न पडायलाच नको. आपलं 'सोडवणं' पाहा. गणित सोडवतो, गाठ सोडवतो, सावकाराकडं ठेवलेलं गहाण सोडवतो. आणि 'फेडणं' तर त्याहून जवळचं. माझी आजी नऊवारी 'सोडायची' नाही, 'फेडायची'. कर्जही फेडायची. लुगडं फिटतं, गाठ फिटते, कर्ज फिटतं, आईबापांचे पांग फिटतात. एकच धातू, आणि लॅटिनमध्ये जे झालं तेच इथंही झालं: देणं म्हणजे माणसाला बसलेली गाठ, ती सुटली की माणूस मोकळा.

याहून गोड पुरावा भाचीच्याच गावाजवळ आहे. न्यूकॅसलच्या आसपास रोमन लोकांची हेड्रियनची भिंत आहे. त्या परिसरात सैनिकांनी देवांना वाहिलेल्या दगडी वेदी सापडल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी वेदींवर शेवटी चार अक्षरं कोरलेली असतात: व्ही, एस, एल, एम. पूर्ण वाक्य असं: व्होटुम सोल्व्हिट लिबेन्स मेरितो. म्हणजे 'यानं आपला नवस आनंदानं आणि योग्य तसा फेडला'. यातलं सोल्व्हिट म्हणजे 'फेडला'. आपण नवस 'देत' नाही, 'पुरा भरत' नाही, फेडतो. हे वाचलं त्या दिवशी मी टेबलावरचं काम बाजूला ठेवून घरी बहिणीला फोन केला होता, इतका आनंद झाला.

तेव्हा पहिली सूचना ही: सॉल्व्हंट दिसला की मनात 'द्रावक' म्हणण्याऐवजी 'फेडणारा, सोडवणारा' म्हणा. पैशाच्या बाबतीत तो देणं फेडू शकणारा माणूस असतो आणि बाटलीत असला तर डाग, रंग, तेल सोडवणारा पदार्थ असतो. इंग्रजीत दोन्ही अर्थ सतराव्या शतकापासून आहेत.

कुठला अर्थ, हे कसं ओळखायचं

शब्दाच्या आधी काय आहे ते पाहा. 'अ सॉल्व्हंट', 'द सॉल्व्हंट' किंवा अनेकवचनी 'सॉल्व्हंट्स' असेल तर जवळपास नेहमी पदार्थ. 'इज', 'आर', 'स्टे', 'रिमेन', 'कीप' यांच्यामागून एकटाच आला असेल तर पैसा. 'द शॉप इज सॉल्व्हंट' म्हणजे दुकान आपली देणी भागवतंय. 'वी जस्ट अबाउट स्टेड सॉल्व्हंट' म्हणजे कसंबसं देणी भागवत राहिलो.

दुसऱ्या नामाला चिकटून आला तर ते नाम बघायचं. सॉल्व्हंट बँक, सॉल्व्हंट कंपनी, सॉल्व्हंट शुअरटी (म्हणजे जामीनदार) हा सगळा पैसा. सॉल्व्हंट फ्यूम्स म्हणजे वाफा, सॉल्व्हंट-बेस्ड पेंट म्हणजे थिनरवर चालणारा रंग. इंग्लंडमध्ये डिओडरंटच्या डब्यांवर छापलेलं असतं, 'सॉल्व्हंट अब्यूज कॅन किल इन्स्टंटली.' इथं नशेसाठी असले वायू हुंगण्याबद्दल इशारा आहे. भाची म्हणाली, हे वाक्य मी रोज सकाळी वाचत होते. म्हणून तर पगाराच्या वाक्यानं ती जास्तच गोंधळली.

उच्चार: जोर पहिल्या अक्षरावर, 'सॉल'वर. पुढचं 'व्हंट' हलकं सोडायचं. आपण 'व्हेंट' असं ठासून म्हणतो, ते टाळा. अमेरिकन माणूस 'साल्वंट'च्या जवळचं बोलतो. इन्सॉल्व्हंटमध्येही जोर 'सॉल'वरच, 'इन'वर नाही.

श्रीमंत नव्हे, बिनकर्जी नव्हे

इथं थांबून नीट बघण्यासारखं आहे, कारण बहुतेक चुका इथंच होतात आणि माझीही इथंच झाली.

2003 सालची गोष्ट. एक यंत्रमागवाले कर्जाचा अर्ज लिहून घ्यायला आले. पुढच्या कचेरीत अर्ज इंग्रजीत हवा होता. त्यांनी सांगितलं, "ताई, परिस्थिती बेताची आहे हे लिहा, म्हणजे साहेब लक्ष घालतील." मी लिहिलं, 'ही इज नॉट सॉल्व्हंट.' माझ्या मनात सॉल्व्हंट म्हणजे पैसेवाला, ऐपतवाला, तर नॉट सॉल्व्हंट म्हणजे गरीब. अर्ज परत आला. तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना विचारलं होतं, "तुम्ही स्वतःच लिहून देताय की तुमची देणी तुम्हाला फेडता येत नाहीत. मग कर्ज कुणाला देऊ?" त्यांचा आठवडा गेला, सुताचा सौदा गेला. मी दुसऱ्या दिवशी अर्ज पुन्हा लिहिला, पैसे घेतले नाहीत. त्यात लिहिलं, 'हिज इन्कम इज स्मॉल, बट ही हॅज ऑलवेज पेड हिज ड्यूज.' मिळकत थोडी आहे, पण देणं कधी थकवलं नाही. खरं तर हा माणूस अगदी सॉल्व्हंट होता. मीच त्याला कागदावर नादार करून टाकलं होतं.

तेव्हापासून मी शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला एक हिशोब मांडून दाखवते. समजा एकाचे आठ माग आहेत, विकले तर 6 लाख येतील. व्यापाऱ्याकडून कापडाचे 4 लाख येणं आहे. त्याच्यावर बँकेचं 5 लाख कर्ज आहे आणि सूतवाल्याचे 3 लाख देणं. म्हणजे आहे 10, देणं 8. हा माणूस सॉल्व्हंट. कर्ज आहे म्हणून तो नापास होत नाही. आता समजा व्यापाऱ्यानं पेमेंट 60 दिवसांवर टाकलं आणि गल्ल्यात दोन हजार आहेत. तरीही हिशोबाच्या भाषेत तो सॉल्व्हंटच, पण हातात रोख नाही. त्याला इंग्रजीत म्हणायचं, 'सॉल्व्हंट, बट शॉर्ट ऑफ कॅश.' आपण म्हणतो, माणूस खरा आहे, पैसा अडकलाय.

उलटही असतं. बंगला, गाडी, लग्नात पाचशे पानांच्या पंगती, आणि देणं आहे त्याच्यापेक्षा जास्त. तो रिच दिसतो, पण सॉल्व्हंट नाही. एकाच माणसाबद्दल दोन्ही वाक्यं खरी असू शकतात, हे ध्यानात ठेवा.

कायदा दोन्ही बाजूंनी बघतो. इंग्लंडच्या 1986 च्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्टमध्ये कंपनीची दोन प्रकारे परीक्षा होते: देणं वेळेवर देता येतंय का, आणि मालमत्तेपेक्षा देणी जास्त झालीत का. घरगुती बोलण्यात मात्र इतकं कुणी मोजत नाही. भाचीच्या शेजारणीनं घर विकलं तर येणारे पैसे धरले नव्हते. खात्यात पगार येईपर्यंत बिल भरता येत नव्हतं, म्हणून ती स्वतःला सॉल्व्हंट म्हणत नव्हती. रोजच्या बोलण्यात तेवढी सूट आहे.

बांगलादेशच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत 'सॉल्व्हंट फॅमिली' असं बरंच दिसतं आणि तिथं त्याचा अर्थ खाऊनपिऊन सुखी, बऱ्या परिस्थितीतलं घर. तिथल्या वाचकाला ते नीट कळतं. इंग्लंडात तेच म्हटलं तर ऐकणारा अडखळेल, त्याला वाटेल या घराच्या कर्जाबद्दल काही शंका होती की काय. तिथं 'वेल-ऑफ' म्हणा.

बोलताना, लिहिताना

या शब्दासोबत काही शब्द नेहमीचे येतात, ते तसेच उचला. 'कीप' पुष्कळदा येतो: 'द ओव्हरटाइम केप्ट अस सॉल्व्हंट', ओव्हरटाइममुळे आमचं भागलं. 'स्टे' आणि 'रिमेन' सारखेच, फक्त 'रिमेन' कागदावर जास्त शोभतो. 'बेअर्ली सॉल्व्हंट' म्हणजे जेमतेम. 'सॉल्व्हंट अगेन' म्हणजे अडचणीतून बाहेर आलो. 'फायनान्शियली सॉल्व्हंट' असंही लिहितात. केमिस्ट्रीवाल्याला शंका नको म्हणून ते बरंच.

'व्हेरी सॉल्व्हंट' मात्र कानाला खटकतं. देणं फेडता येतं किंवा येत नाही, फार फेडता येतं असं काही नसतं. 'फुल्ली' किंवा 'परफेक्टली' चालतं. आणि 'आय ॲम सॉल्व्हंट टु बाय अ स्कूटर' असं अजिबात नको. एखादी वस्तू घ्यायला परवडते हे सांगायचं असेल तर 'कॅन अफोर्ड'. सॉल्व्हंटला वस्तूंशी देणंघेणं नाही, तो देण्यांशी बोलतो.

स्वतःबद्दल हलकेच म्हटलं तर गोड लागतं. दुसऱ्याला तोंडावर 'आर यू सॉल्व्हंट?' विचारणं म्हणजे भर मांडवात एखाद्याला 'तुमच्यावर किती कर्ज आहे हो?' विचारल्यासारखं आहे. जिवलग मैत्रिणीला विचाराल, बाकी कुणाला नाही.

उलट अर्थाचे तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत. 'ब्रोक' म्हणजे खिशात दमडी नाही, आज नाही, परवा असेल. 'इन्सॉल्व्हंट' म्हणजे देणी फेडण्यापलीकडे गेली. 'बँकरप्ट' म्हणजे कायद्यानं तसं जाहीर झालं. इंग्लंडात बँकरप्ट हा शिक्का व्यक्तीला बसतो, कंपनीला नाही. कंपनी इन्सॉल्व्हंट होते आणि लिक्विडेशनमध्ये जाऊ शकते, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवली जातात. आपल्याकडच्या 2016 च्या कायद्याच्या नावातच इन्सॉल्व्हन्सी आणि बँकरप्सी हे दोन्ही शब्द शेजारी ठेवलेत, ते उगाच नाही. मराठीत इन्सॉल्व्हंटला नादार हा जुना, नेमका शब्द आहे. माझ्या पिढीला तो शाळेतून माहीत आहे, फी माफ होणाऱ्या मुलाला नादारी मिळायची. म्हणून नादार ऐकलं की आम्हाला गरीब मूलच दिसतं, आणि माझी ती अर्जातली चूक बहुधा तिथूनच आली.

आपल्या कागदांवरचा सॉल्व्हंट

मागच्या वर्षी एक पोरगा धावत आला. भावाला जामीन मंजूर झाला होता, ऑर्डर मोबाइलवर आली होती. त्यानं ती एका ॲपमधून मराठी करून घेतली आणि त्यात आलं होतं, 'एक द्रावक जामीनदार'. बिचारा विचारत होता, "ताई, हा कसला माणूस असतो, कुठं मिळतो?" मूळ ऑर्डरीत होतं, 'पी.आर. बाँड ऑफ रुपीज 25,000 विथ वन सॉल्व्हंट शुअरटी इन द लाइक अमाउंट.' म्हणजे 25,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीन. वेळ आली तर ती रक्कम भरू शकेल असा माणूस. सातबारा किंवा घराचा उतारा असलेला चुलता त्याला दुपारपर्यंत मिळाला.

मराठीत इथं 'ऐपत' हाच शब्द बसतो. सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट म्हणजे ऐपतीचा दाखला. तो तहसीलदारांकडून मिळतो, ठेकेदारांना टेंडरसाठी बँकेकडूनही घ्यावा लागतो. बँकेच्या दाखल्यात साधारण असं वाक्य असतं: 'कॅन बी ट्रीटेड ॲज सॉल्व्हंट अप टु अ सम ऑफ...' आणि पुढं रक्कम. यात एक बारकावा आहे. रोजच्या इंग्रजीत सॉल्व्हंटच्या मागं रक्कम लागत नाही. या दाखल्यात लागते, कारण तिथं विचारलेलं असतं की किती रुपयांपर्यंत या माणसावर विसंबावं. भाषांतर करताना 'अमुक रकमेपर्यंत ऐपत आहे' असं लिहा. 'सधन आहे' असं लिहू नका, दाखला तसं म्हणत नाही.

विमा कंपन्यांच्या बातमीत 'सॉल्व्हन्सी रेशो' येतो. आपल्या विमा नियामकानं तो किमान 1.5 ठेवलाय. थोडक्यात, दावे फेडायला जेवढी शिल्लक लागेल असा हिशोब निघतो, त्याच्या दीडपट जवळ हवी. तिथंही प्रश्न तोच, फेडता येईल का.

बाटलीतला सॉल्व्हंट

वडिलांचं रंगाचं आणि पाइपांचं दुकान होतं. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो पीव्हीसी पाइप जोडायच्या डबीवर, 'सॉल्व्हंट सिमेंट'. गिऱ्हाईक मागायचं 'सोल्युशन'. झाकण उघडलं की तो उग्र, गोडसर वास नाकात शिरायचा. वडील दाखवायचे: पाइपाच्या तोंडाला आणि सॉकेटला आतून ब्रश फिरवायचा, पाइप आत दाबून किंचित फिरवायचा आणि हात न हलवता धरून ठेवायचा. गोंद वाटतो, पण गोंद नाही. त्यातला द्रव प्लास्टिकचा पृष्ठभाग सैल करतो, दोन्ही सैल झालेले थर एकमेकांत मिसळतात, मग द्रव उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. सैल करणं, म्हणजे पुन्हा तेच सोल्व्हेरे.

शास्त्रात पाणीही द्रावक आहे, पण घरात बोलताना इंग्रज माणूस पाण्याला सॉल्व्हंट म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांपुढं थिनर, टर्पेंटाइन, नेलपेंट काढायचं ॲसिटोन असतं, उग्र वासाचं, उडून जाणारं. 'डोन्ट यूज सॉल्व्हंट्स ऑन धिस' असं एखाद्या टेबलावर लिहिलं असेल तर ओल्या फडक्यानं खुशाल पुसा, थिनर लावू नका. आणि सॉल्व्हंट म्हणजे विरघळवणारा, सोल्युशन म्हणजे विरघळून झालेलं मिश्रण. दुकानात अदलाबदल चालली तरी लिहिताना नको.

लातूरकडच्या सोयाबीन उत्पादकाला तर 'सॉल्व्हंट प्लांट' तोंडपाठ आहे. तिथं हेक्झेन वापरून सोयाबीनमधलं तेल सोडवून घेतात आणि मागं राहिलेली पेंड डीओसी (डी-ऑइल्ड केक, तेल काढलेली पेंड) म्हणून विकली जाते. अशा प्लांटबद्दल इंग्रजीत 'द सॉल्व्हंट प्लांट इज नॉट सॉल्व्हंट' असं कुणी लिहिलं तर आता गोंधळू नका. पहिला शब्द तेलाचा, दुसरा देण्यांचा.

लेखनात कधी हा शब्द माणसांमधला ताण विरघळवणाऱ्या गोष्टीसाठीही येतो, 'लाफ्टर वॉज द सॉल्व्हंट' असा. वाचताना कळला म्हणजे पुरे, स्वतः वापरायची घाई नको.

गेल्या आठवड्यात भाचीनं मसुदा पाठवला. तिला नवीन घर भाड्यानं घ्यायचं होतं आणि घरमालकिणीला पत्र लिहायचं होतं. नवा शब्द हाताशी आला म्हणून तिनं हौसेनं लिहिलं होतं, 'आय ॲम अ सॉल्व्हंट.' मी म्हटलं, अगं, त्या 'अ'नं घात केला, तू पुन्हा बाटलीत जाऊन बसलीस. तिनं 'अ' खोडला. मग आम्ही दोघी वाक्य मोठ्यानं वाचत बसलो. 'आय ॲम सॉल्व्हंट.' व्याकरणात बरोबर, पण अनोळखी बाईला पत्रात कुणी असं सांगू लागलं तर तिला वाटेल, आधी नव्हती की काय. शेवटी तिनं ते वाक्यच काढलं आणि लिहिलं, 'आय हॅव ऑलवेज पेड माय रेंट ऑन टाइम.' खाली जुन्या घरमालकाचा फोन नंबर दिला.